बिजलीच्या शिंगांवरचा रंग

संघप्रियाच्या वहीतलं आभाळ अजून ओलं होतं, तेवढ्यात एक भलीमोठी खरबरीत जीभ आली आणि ते आभाळ चाटून घेऊन गेली.

"अगं आई गं!" ती कट्ट्यावरून ताडकन उठली. त्या नादात रंगाची पेटी, पाण्याचा पेला, ब्रश... सगळं खाली. समोर म्हैस. जिभेवर निळा रंग, आणि तोंडावर काही घडलंच नाही असा भाव.

"ओ पावणं, भिऊ नगासा! गरीब हाय ती!" दुधाची बादली तशीच ठेवून एक उंच पोरगा धावत आला.

"गरीब? माझं अख्खं पान खाल्लं तिनं!"

"खाल्लं कुठं? चाटलं. आवडलं असंल की तिला!"

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा. संघप्रियानं प्रयत्न केला, पण पोरगा गुडघ्यावर बसून तिचे ब्रश एकेक करून सदऱ्याला पुसत होता. पांढऱ्या सदऱ्यावर हिरवा, तांबडा, पिवळा. त्याचं त्याला भानच नव्हतं. तिला हसू फुटलं.

ही कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरची गोष्ट, साल नव्व्याण्णवचं. संध्याकाळी तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. संघप्रिया शहराबाहेरच्या उचगावची. चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. बसची गर्दी ओसरेपर्यंत ती कट्ट्यावर बसायची आणि रोज एक चित्र काढायची. रोज म्हणजे रोज. तळहाताएवढं, जलरंगात. कधी पान लावणारे हात, कधी बसच्या खिडकीत मान टाकून झोपलेले कंडक्टर, कधी आईनं वाळत घातलेली चादर. आणि खाली मनातलं काहीबाही. 'आज बाबा मोठ्यानं हसले.' 'आज एका आजीला जागा दिली आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात चिडले.' वाचायला कुणी नव्हतं, म्हणून खरं लिहिता यायचं.

"भरपाई म्हणून दूध घ्या," पोरगा म्हणाला.

"मला कच्चं दूध नको."

"मग कोल्हापुरात ऱ्हाता कशाला?"

तिनं हट्टानं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. तो तिच्याकडे बघत राहिला... मग एकदम बादलीकडे बघायला लागला.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"सांगा ना!"

"मिशी आलीया तुम्हाला. दुधाची."

तिनं झटकन ओठ पुसला. कान गरम झाले होते, ते कसे पुसणार?

"नाव काय तुमचं?" त्यानं विचारलं.

"संघप्रिया कांबळे. उचगाव." ती नेहमी पूर्ण नाव सांगायची आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची. नाव-आडनाव ऐकलं की काहींच्या बोलण्यात जरासा थांबा येतो. तो थांबा तिला लहानपणापासून ओळखता यायचा.

इथं तो आला नाही. "ही बिजली," पोरगा म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "आणि मी यशराज. आधी तिचं सांगतो, कारण लोक तिलाच वळखत्यात."

दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी बसली. तिसऱ्या दिवशी त्यानं ती जागा झाडून ठेवली होती. आता यातून तुम्ही काय समजायचं ते समजा. वहीत म्हशीच म्हशी दिसायला लागल्या. एकदा तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"म्हशीत निळा रंग? काय ओ, डोळं बरं हाईत न्हवं?"

"मी काळा रंग वापरतच नाही. निळ्यात तपकिरी मिसळते. ती बघा ना, आत्ता, पाठ ओली आहे तिथं. दिसतोय?"

तो बघत राहिला. म्हशीकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा म्हशीकडे. "दिसला की! आयला... सकाळ-सांच्याला हिच्या अंगावर हात फिरवतो मी, आणि दिसला न्हाय कधी." दुसऱ्या दिवशी ती येताच तो कुरकुरला, "तुम्ही माझं वाटोळं केलासा. आता गल्लीतल्या समद्या म्हशी निळ्या दिसाय लागल्यात."

आणि एक. सगळे तिला प्रिया म्हणायचे. तो म्हणायचा, संघप्रिया.

"एवढं लांब कशाला? प्रिया म्हणा की."

"पूर्ण नाव असताना अर्धं कशाला घिऊ?"

त्या रात्री वहीत चित्राखाली तिनं काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार? पोरगी प्रेमात पडली होती, झालं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

दिवाळी तोंडावर आली आणि सांगलीचं स्थळ आलं. संघप्रियाचे बाबा, दादासो, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. माणूस सरळ. म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय, आपल्यातला हाय, माणसं चांगली हाईत. पाडवा झाला की रविवारी सुपारी फोडायला येणार म्हणत्यात. तुझ्या मनात दुसरं काय असंल तर आत्ता सांग." तिच्या मनात होतं. पण ज्याच्याबद्दल सांगायचं, त्यानं तरी कुठं काही सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवशी तिनं कट्ट्यावर ते स्थळ सांगून टाकलं. मुद्दामच, एका दमात. यशराज धार काढत होता. बादली भरली, वरून वाहायला लागली, तरी त्याचे हात थांबेनात.

"बरं हाय की," तो शेवटी म्हणाला.

"बरं आहे?"

"मग काय म्हणू?"

"काही नको म्हणूस!" ती रंगाची पेटी आपटत उठली.

"संघप्रिया... ऐक की. पाडव्याला बिजलीची शिंगं रंगवून देशील?"

काय म्हणावं या माणसाला? रस्त्यावर उभं राहून रडावं की त्याच्याच डोक्यावर बादली पालथी घालावी, हे तिला ठरवता येईना. बसमध्ये मात्र रडू आलं. म्हशीला हाक मारताना गल्ली दणाणून सोडणारा हा गडी, मग आताच वाचा का बसली? तिला वाटलं, इतके दिवस आला नव्हता तो थांबा आज आला. त्यालाही शेवटी आपलं आडनाव आठवलंच. तरी पाडव्याच्या सकाळी ती गेली. एकदा शेवटचं भेटावं, एवढंच मनात होतं.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. त्यांना नदीवर नेऊन धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्या-घुंगरं, डोक्यावर मोरपिसं. मग मालक मोटरसायकलवर बसून सायलेन्सर काढून फडफडत पुढं निघतो, आपल्या म्हशीला हाक मारतो, आणि हजारोंच्या गर्दीतून ती म्हैस फक्त त्याच्याच मागं पळते. ज्याची म्हैस पळाली त्याची मान ताठ. दारोदारी बाया म्हशीच्या पायांवर पाणी घालून तिला ओवाळतात.

गोठ्यात दोघंच होते. संघप्रियानं एका हातानं शिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं वेल काढायला सुरुवात केली. हिरवी पानं, केशरी फुलं, टोकाला निळा मोर. जीभ दातात धरलेली, बट डोळ्यांवर. शिंगांना लावायचा तो ऑइल पेंट, हे गंगावेशीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. संघप्रियानं ऑइल पेंट जन्मात हातात धरला नव्हता. तिनं आपल्या पेटीतला, रोजचा, पाण्यातला रंग लावला. आणि यशराज? तो शेजारीच उभा होता की! पण त्याचे डोळे पेटीवर होतेच कुठं?

मिरवणूक सुरू झाली. हलगी कडाडली. यशराजनं गाडीला किक मारली, "बिजलेऽऽ" अशी आरोळी ठोकली, आणि बिजली अशी सुटली की गर्दीनं शिट्ट्यांचा पाऊस पाडला. शिंगांवरचा मोर उन्हात लखलखत होता. "रंगकाम बघा, रंगकाम!" लोक म्हणत होते. गल्लीच्या तोंडाशी उभ्या संघप्रियाचा ऊर भरून आला. निदान एवढं तरी त्याला देऊन जाऊ, ती मनात म्हणाली.

घरापुढं यशराजची आई, तानाबाई, नवी कोरी मोतिया रंगाची साडी नेसून आरतीचं ताट घेऊन उभी होती. शेजारी पाण्यानं भरलेली मोठी बादली. पळून पळून तापलेल्या बिजलीला ती बादली दिसली मात्र, तिनं ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. अख्खं डोकं शिंगांसकट बादलीत! पोटभर पाणी प्याली, डोकं वर काढलं आणि हिसडा मारला.

मोर तानाबाईच्या साडीवर उतरला. वेल शेजारच्या शालूबाईंच्या गालांवर. बिजलीच्या नाकाडावरून हिरवे-केशरी ओघळ वाहत होते. मग गल्ली अशी हसायला लागली की हलगीवाला वाजवायचा थांबला.

"कुठल्या शाण्यानं म्हशीला पाण्याचा रंग लावला रं?" तानाबाई कडाडली.

संघप्रियाला वाटलं, जमीन दुभंगावी. आता तो म्हणेल, होता कुणीतरी पेंटर. म्हणू दे. तेच बरं. ती मागं सरकायला लागली.

यशराजनं गाडी बंद केली. खाली उतरला. "संघप्रियानं रंगवली," तो म्हणाला. मग म्हशीला हाक मारतो त्याच आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "संघप्रिया कांबळेनं! उचगावच्या!"

"कोण ती?"

"तुझी सून." त्यानं मान खाजवली. "म्हंजी... तिला अजून इचारलं न्हाय."

आता मात्र कुणी हसेना. सगळ्यांच्या माना गल्लीच्या तोंडाकडे वळल्या. पण पोरगी कोल्हापूरची. तीच पुढं झाली.

"मग विचार की! का जन्मभर म्हशीलाच हाका मारणार आहेस?"

"भ्या वाटत हुतं गं. आईचं... गल्लीचं. आणि सगळ्यात जास्ती, तू न्हाय म्हणशील त्याचं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "करशील माझ्यासंगं लगीन?"

"करीन! पण रविवारी सांगलीची माणसं सुपारीला येणार, आणि तू आज तोंड उघडतोयस होय रे?" म्हणता म्हणता ती हसली, आणि हसता हसता रडली.

तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तोंड आणखी निळं झालं. पोरीला एकदा वरून खालपर्यंत न्याहाळलं. "माझ्याकडं काय बघतोस?" ती पोरावर खेकसली. "रस्त्यात वराडून पोरगी मागायची रीत न्हाय आपल्यात. आदी तिच्या बापाला इचारून ये जा. माझ्या मनाचं मी मागनं बघीन. लगीच गोड व्हायला मी काय बासुंदी न्हाय."

यशराजनं गाडीला किक मारली. संघप्रिया मागं बसली. दोघांच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. ती गाडी फडफडायला लागली की बिजलीनं मागं पळायचं, हे तिला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत मागून घुंगरं वाजायला लागली.

"परत पाठव ना तिला!"

"ऐकतीया व्हय ती? आज पाडवा हाय!"

मग काय! गंगावेशीपासून पार उचगावपर्यंत पुढं मोटरसायकल, मागं रंगाचे ओघळ आलेली म्हैस. तो हळू चालवत होता, म्हशीचा दम जपत. चौकाचौकांत माणसं थांबून बघत होती. संघप्रियानं डोकं त्याच्या पाठीला टेकवलं. बघू देत.

दादासो दारात पेपर वाचत बसले होते. गाडी थांबली, म्हैस थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

यशराज पुढं झाला. हात जोडले. तोंड उघडलं... आणि एक शब्द फुटेना. सगळा आवाज गंगावेशीतच संपला होता बहुतेक.

"बाबा," संघप्रिया म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं, मनात दुसरं काही आहे का. आहे. हा आहे. सांगलीला नको म्हणून फोन करा. मला हाच पाहिजे."

दादासो उठले. पोराकडे बघितलं. "नाव-गाव म्हाईत हाय न्हवं आमचं? समदं?"

"हाय. पूर्ण नावच घेतो मी तिचं."

"घरात सांगितलं?"

"गल्लीत सांगितलं. घराच्या दारातच."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, लगीच गोड व्हणार न्हाय. पण पाठवलं तिनंच."

दादासो वळले. आत गेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग ते बाहेर आले. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात तांब्या. बादली त्यांनी बिजलीपुढं ठेवली. तांब्या हातात धरून ते पोरासमोर उभे राहिले, त्याच्या डोळ्यांत बघत.

यशराजनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंड लावून गटागटा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. त्यानं मनगटानं तोंड पुसलं आणि तांब्या पुढं केला.

"अजून द्या की, मामा. लई लांबनं आलोय."