पुरेशी जागा नाही

ही घटना खरी आहे. खोटी रचायची असती, तर स्वतःचीच मान खाली जाईल अशी कुणी कशाला रचली असती?

आणि रात्रही नव्हती. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात पंखेवाला पलंगावर एकटाच बसला होता. हातात फोन.

पंखेवाला म्हणजे जळलेल्या पंख्यांच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा. पन्नाशी ओलांडलेला. बायको जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

आणि तो फोनवर जोडीदार शोधायचं ॲप टाकत होता.

त्याआधी त्यानं भिंतीवरचा बायकोचा फोटो काढला होता. धूळ पुसायला म्हणून. पुसला. आणि परत टांगायच्या ऐवजी टेबलावर पालथा ठेवला.

बघायला कुणी नव्हतं, तरी त्याचे कान तापले.

ॲप सुचवलं होतं शेजारच्या दुकानातल्या सायकलवाल्यानं. "लग्न कर म्हणत नाही रे. बोलायला तरी कुणी मिळेल. हल्ली तू गिऱ्हाइकांच्या पंख्यांशी बोलायला लागलायस."

त्यानं बटण दाबलं. गोल चकती फिरली, फिरली... थांबली.

'ॲप इन्स्टॉल करता आले नाही. पुरेशी जागा नाही.'

त्यानं सायकलवाल्याला फोन लावला.

"अरे, जागा नाही म्हणतोय."

"मग कर की जागा! फालतू व्हिडिओ उडव. निम्मे तर मीच पाठवलेत."

"सगळे उडवू?"

"मैत्री तेवढी ठेव, बाकी उडव."

त्यानं व्हिडिओ उडवले. मोटारींचे जुने फोटो उडवले. बायकोच्या फोटोंना हात लावला नाही. मग पुन्हा दाबलं.

'पुरेशी जागा नाही.'

"कॅशे साफ केलीस का?" पुन्हा फोन लावल्यावर सायकलवाल्यानं विचारलं.

"ती काय असते?"

"फोनचा केर. सेटिंग्जमध्ये जाऊन झाडून काढ. मग फोन बंद करून चालू कर. आणि लाजतोस काय एवढा? मी कुणाला सांगणार नाही."

म्हणजे उद्या गल्लीभर होणार.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, काय करताय?"

"काही नाही. पंखा बघत होतो."

लेकीशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

त्यानं केर काढला. फोन बंद केला, चालू केला. बटण दाबलं. चकती या वेळी बराच वेळ फिरली... आणि मग नुसतेच दोन शब्द आले.

'जागा नाही.'

'पुरेशी' गेलं होतं. ॲपचा उल्लेखही नव्हता.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोनच शब्द.

आणि तेव्हा त्याला जाणवलं... पंख्याचा आवाज बदलला होता.

जन्म पंख्यांत गेलेला माणूस. त्याला वर बघावं लागत नाही. पंखा पाचवर होता, आता चारवर फिरत होता. त्यानं भिंतीकडे पाहिलं. रेग्युलेटरचा खटका खरोखरच चारवर होता.

बायकोला गारठा सोसायचा नाही. त्याचा डोळा लागला की ती उठून पंखा एकनं कमी करायची.

त्यानं खटका परत पाचवर नेला. टक.

पलंगावर बसला आणि फोनवरच्या त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. ते शब्द त्याच्या ओळखीचे होते.

चारचौघांत बायको त्याला 'अहो' म्हणायची, घरात 'अरे'. रविवारी जेवून दोघं आडवी झाली की ती हळूच विचारायची, "जागा आहेस का रे?"

तो डोळे मिटूनच म्हणायचा, "नाही."

"जागा नाहीस, मग बोलतंय कोण?" असं म्हणून ती हसायची. लग्नापासूनची थट्टा होती ती. दर रविवारी तीच, आणि दर रविवारी तिला तेवढंच हसू यायचं.

बिघडलेली मोटार तो आधी उघडून बघतो. तसाच तो फोनच्या स्टोरेजमध्ये शिरला. एवढी जागा खातंय तरी कोण?

ऑडिओ.

घोरण्याचं ॲप! 'मी घोरत नाही' असं तो शपथेवर सांगायचा, म्हणून पुराव्याला बायकोनं ते घेतलं होतं. झोपताना ती ते सुरू करून फोन उशीखाली सरकवायची. फोन दोघांत एकच. ती गेल्यावर फोन सवयीनं उशीखालीच राहिला. पण ॲप सुरू करायला आता कोण होतं?

तरी त्यात एकाखाली एक रेकॉर्डिंग होती. सगळी रविवार दुपारची.

सगळी ती गेल्यानंतरची.

त्यानं गेल्या रविवारचं लावलं.

पंख्याची घरघर. मग त्याचं घोरणं. बायको खरंच सांगत होती. मग घोरणं थांबलं...

पलंग करकरला. हलकेच.

मग काहीच नाही. कुणीतरी एखादा छोटासा प्रश्न विचारावा, एवढीच शांतता...

आणि मग त्याचाच आवाज. झोपेतला.

"नाही."

टक. पंख्याची घरघर उतरली.

त्यानं दुसरं लावलं. तेच. तिसरं. तेच. तिचा आवाज कशातच नव्हता. फक्त ती तेवढी शांतता, आणि दर वेळी त्याचं 'नाही'.

अंगावर काटा आला. पण भीतीहून लाज मोठी होती. दर रविवारी ती येऊन विचारत होती, आणि हा 'नाही' म्हणून घोरत होता. आज कधी नव्हे तो जागा होता, तर असल्या कामासाठी. तिचं तोंड टेबलाकडे करून.

फोन वाजला. सायकलवाला.

"बसलं का ॲप?"

"रेकॉर्डिंगनी जागा खाल्लीय."

"मग उडव ना ती!"

"नाही."

"मग ॲप कसं बसायचं?"

"नाही बसलं तरी चालेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं फोटो उचलून भिंतीला लावला, नजर न देता. फोन उशीखाली सरकवला. भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि डोळे मिटले. झोपला मात्र नाही.

खाली गाडी धुणं थांबलं...

गल्ली गप्प झाली...

पलंग करकरला.

त्याच्या पाठीमागची गादी किंचित दबली. वळून बघावं असं फार वाटलं. पण कुठल्या तोंडानं वळणार?

कुणी काही बोललं नाही. पण ती शांतता आली. रेकॉर्डिंगमध्ये होती तीच, तेवढीच.

तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला,

"हो. जागा आहे."

तो हसण्याची वाट बघत राहिला. मग 'टक'ची.

टक झालंच नाही. गादी सावकाश वर आली... आणि उशीखाली फोन थरथरला.

'ॲप इन्स्टॉल झाले.'

त्यानं बटण दाबलंच नव्हतं. घाईघाईनं त्यानं ऑडिओ उघडलं. रिकामं. एकही रेकॉर्डिंग नाही. फोनमध्ये जागाच जागा.

आपण काय बोलून बसलो, ते तेव्हा त्याला कळलं.

'मी जागा आहे' म्हणायचं होतं. 'मी' राहून गेला.

तिनं काय ऐकलं असेल? राग आला असेल, की समजूतदारपणे जागा करून दिली असेल? समजूतदार तर ती होतीच. त्याचीच त्याला जास्त लाज वाटते.

ते ॲप अजून फोनमध्ये आहे. त्यानं ते उघडलं नाही, आणि काढायलाही हात धजावत नाही. सायकलवाला रोज विचारतो, "कुणी भेटलं का?" हा खाली मान घालून तार गुंडाळत राहतो.

रविवारी दुपारी तो भिंतीकडे तोंड करून पडतो. मध्येच, कुणी न विचारताच, मोठ्यानं म्हणतो, "मी जागा आहे."

पंखा पाचवरच फिरत राहतो. हल्ली त्यालाही गारठा सोसत नाही. पण तो उठून कमी करत नाही.

ते काम त्याचं नाही.