एका खोलीला तीन होकार

शुक्रवारी सकाळी सौरलाँच धक्क्याला लागली आणि तिच्यातून तीन ठिकाणचे पाहुणे उतरले. तिघांनाही एकाच कॉटेजमध्ये राहायचं होतं.

धरणाच्या काठावर मालनआत्याची तीन कॉटेजेस होती. जांभूळ, हिरडा आणि करवंद. पैकी जांभूळ आणि हिरडा आदल्या दिवशीच भरलेली. उरलं करवंद. सांगलीच्या लोहोकर्‍यांनी ते ‘झुळूक’ नावाच्या साइटवरून घेतलं होतं. दोन शिक्षिका बहिणींनी ‘दूरदेशी’ नावाच्या साइटवरून. दोघांच्याही मोबाइलवर हिरवीगार बरोबरची खूण होती. तिसरे होते चौर्‍याऐंशी वर्षांचे भिकूआबा. त्यांच्याकडे खूण वगैरे काही नव्हती, फक्त आत्याचा शब्द होता.

“पाणी उतरलं की या म्हणून महिन्यापूर्वीच हो म्हणलंय मी आबांना,” आत्या म्हणाली.

“पण लिहिलंस कुठे?” केतकीनं विचारलं. केतकी म्हणजे आत्याची भाची. वय वर्षं अकरा, तोंड वर्षं चाळीस.

“लिहायचं काय त्यात? आबांना हो म्हणलं की हो.”

आबा बारा वर्षांचे असताना त्यांचं गाव, जुनं कुंभेरी, याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणसं दूर दुसर्‍या जिल्ह्यात जाऊन वसली. उन्हाळा संपता संपता पाणी खाली उतरतं आणि चार-पाच दिवस गावच्या देवळाच्या पायर्‍या उघड्या पडतात. तेवढ्या दिवसांत आबा येतात, पायर्‍यांवरचा गाळ खराट्यानं झाडतात आणि परत जातात. दरवर्षी. त्यांच्याबरोबर येणारी माणसं एकेक करून कमी झाली, आबा काही कमी झाले नाहीत.

आत्यानं आबांना स्वतःच्या खोलीत उतरवलं आणि करवंद लोहोकर्‍यांना दिलं. शिक्षिका बहिणी मात्र त्याच लाँचनं परत गेल्या. “आम्ही मुलांना शब्द पाळायला शिकवतो हो,” मोठी बहीण जाताना म्हणाली. ते आत्याला फार लागलं.

तासाभरात दूरदेशीच्या कौशलचा व्हिडिओ कॉल आला. गोड आवाज, चकचकीत दात.

“मालनताई, या हंगामातली ही दुसरी वेळ. दोन ठिकाणी जाहिरात म्हटल्यावर असं होणारच. आमचा एकनिष्ठ करार करा. सगळ्या तारखा आमच्या हाती द्या, ती दुसरी साइट सोडा.”

“आन् आबांचे दिवस?”

“ते आमच्यावरून बुक करतील की.”

“पाणी कधी उतरणार ते धरणाला ठाऊक नसतं. आबा काय बुक करणार?”

“मग ते दिवस राखता येणार नाहीत. खोली मोकळी ठेवणं आमच्या धोरणात बसत नाही.”

“खोली माझी, आन् मोकळी ठेवायला धोरण तुमचं?”

“करार नको असेल तर नको, ताई. पण आणखी एकदा गोंधळ झाला तर तुमची जागा यादीतून कायमची बाहेर. आणि गोंधळ होणार. लिहून देतो.”

आत्यानं कॉल बंद केला. तिचे निम्मे पाहुणे दूरदेशीवरूनच यायचे. ती बराच वेळ नुसती तांदूळ निवडत बसली, त्यात एकही खडा नसताना.

“होणार म्हणे! बघतेच कसा होतो ते,” केतकी म्हणाली आणि ठोंब्याकडे गेली.

ठोंब्या हा सहा पायांचा यंत्रमानव. पूर्वी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर फवारणी करायचा, आता धक्क्यावरून पाहुण्यांच्या बॅगा चढावर आणायचा. नाव आत्यानं ठेवलेलं. हुशार होता, पण घाई कशी ती नाही.

“ठोंब्या, खोटं कोण बोललं? झुळूक, दूरदेशी की आत्या?”

“कोणीच नाही.”

“मग एका खोलीला तीन होकार गेले कसे?”

“दोन पाट्या आण,” ठोंब्या म्हणाला. “आणि तो पतंगवाला मुलगाही.”

पतंगवाला म्हणजे लोहोकर्‍यांचा निमिष. ठोंब्यानं एक पाटी त्याला देऊन धक्क्यावर उभं केलं. दुसरी घेऊन केतकी घराच्या मागे गेली. दोन्ही पाट्यांवर लिहिलं होतं, ‘करवंद मोकळं’.

“या झाल्या दोन साइट. प्रत्येकीकडे आपल्या बुकिंगच्या वहीची एक प्रत (मुळाची नक्कल) आहे. खोली दिलीत की पाटीवर फुली मारायची. फुलीची बातमी एकीकडून दुसरीकडे मी नेणार,” ठोंब्या म्हणाला.

केतकीनं फुली मारली. ठोंब्या बातमी घेऊन टक् टक् करत चढ उतरू लागला. तो धक्क्यावर पोचला तेव्हा निमिषची फुली केव्हाच मारून झाली होती.

“मला काय माहीत तिनं दिली ते? माझ्या पाटीवर तर मोकळं होतं!” निमिष ओरडला.

“बरोबर,” ठोंब्या म्हणाला. “याला म्हणतात विलंब (बातमी पोचायला लागणारा वेळ). त्या वेळात तुझी पाटी शिळी झाली, पण शिळी झाल्याचं तिला कळत नाही. आपल्या साइट दर दोन तासांनी एकमेकींची खबर घेतात. ते दोन तास म्हणजे ही उतरण.”

“हात्तिच्या! मग तू पळत ये.”

ठोंब्या पळाला. कोंबड्या फडफडत पांगल्या. पण या वेळी केतकी आणि निमिष दोघांनी एकाच क्षणी फुली मारली आणि ठोंब्या धापा टाकल्यासारखा आवाज करत मधेच उभा राहिला.

केतकी पायरीवर बसली. मग म्हणाली, “म्हणजे कितीही जोरात पळालास तरी फट लहान होईल. बुजणार नाही.”

“आता तू ठोंब्या नाहीस,” ठोंब्या म्हणाला.

“मग दोन पाट्या हव्यातच कशाला?”

तिनं दोन्ही पाट्या पुसल्या. स्वयंपाकघराच्या दारावरच्या खिळ्याला करवंदची दुसरी किल्ली अडकवली. “आता नियम असा. किल्ली हातात आल्याशिवाय कोणी कोणाला हो म्हणायचं नाही.”

दोघं धावले. किल्ली निमिषच्या हाती लागली. केतकीच्या हाती नुसता खिळा.

“ही कुलूपबंदी (एकाचा हात पडला की बाकीच्यांना थांबवणं),” ठोंब्या म्हणाला. “दोघं एका क्षणी आले तरी खिळ्यावरून किल्ली एकालाच काढता येते.”

“आणि मी किल्ली घेऊन आंघोळीला गेलो तर?” निमिषनं विचारलं. “हो पण नाही, नाही पण नाही?”

प्रश्न चांगला होता.

“मग मुदत (ठरवून दिलेला वेळ) घालू,” केतकी म्हणाली. “दहा मिनिटांत हो म्हटलं नाहीस, तर ठोंब्या किल्ली परत खिळ्याला लावणार. साबण लागलेला असला तरी.”

ते दोन दिवस ठोंब्यानं एकही बॅग उचलली नाही. त्याच्या डोक्यात आता एकच मूळ वही होती. साइटकडे पाट्या ठेवायच्या नाहीत, फक्त खिडक्या ठेवायच्या. खिडकीतून मागणी आत येईल, ठोंब्या किल्ली बघेल, मगच होकार जाईल. ठोंब्याशी बोलणं झालं नाही, तर उत्तर ‘नाही’. झुळूकनं हे लगेच मान्य केलं. दूरदेशीतही ‘मालकाला विचारून’ असा एक पर्याय निघाला, पार तळाशी, बारीक अक्षरात. शेजारी सूचना होती: हा पर्याय निवडल्यास तुमची जागा यादीत खाली जाईल.

“खाली म्हणजे किती?” आत्यानं विचारलं.

“एकशे चौदावी,” ठोंब्या म्हणाला.

“एकशे चौदावी तर एकशे चौदावी. लोकांना बोटं आहेत, सरकवतील खाली. दाब गं ते बटण.”

“दाबते. पण तिसरी साइट राहिलीये.”

“तिसरी कुठली?”

“तू.”

आत्यानं डोळे वटारले. केतकी हटली नाही. “तूसुद्धा आधी किल्ली बघायची. फोनवर लगेच ‘या हो’ म्हणायचं नाही.”

“एवढी वर्षं माझा शब्द चालला, आन् आता मी यंत्राला विचारू?”

“शब्द चालावा म्हणूनच विचारायचं, आत्या.”

आत्यानं खिळ्यावरची किल्ली नीट सरळ केली. म्हणजे पटलं होतं.

रविवारी दुपारी कराडच्या जुन्या पाहुण्यांचा फोन आला. पुढच्या शनिवारी करवंद हवं होतं. “या ह...” आत्यानं सुरुवात केली आणि केतकीकडे पाहून ओठ मिटले. “थांबा जरा, बघते,” ती म्हणाली. हे शब्द ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून अडखळली.

ठोंब्या म्हणाला, “तीन सेकंदांपूर्वी झुळूकच्या पाहुण्यांनी किल्ली घेतली. दूरदेशीवरूनही आत्ताच मागणी आली. तिला नकार गेला. हिरडाची किल्ली मात्र खिळ्यावरच आहे.”

“करवंद भरलंय, पण हिरडा देते. तिथून तर पाणी जास्त दिसतं,” आत्या फोनवर म्हणाली. कराडकर खूश झाले.

दहा मिनिटांत कौशल पडद्यावर हजर. “ताई, आमच्या पाहुण्याला नकार गेला तुमच्याकडून!”

“व्हय. एका खोलीला एकच होकार असतो, साहेब. तुमच्या पाहुण्याला आज नकार मिळाला, धक्क्यावर उतरल्यावर नाही मिळाला.”

“करार मग...?”

“नाही.” एवढंच बोलून आत्या भाकरी उलटायला गेली.

ही बातमी पलीकडच्या काठावर पोचायला काही विलंब लागला नाही. संध्याकाळपर्यंत सहा घरांतून विचारणा झाली, आमच्याही खोल्या तुमच्या वहीत घ्याल का? केतकीनं ठोंब्याला विचारलं, सहा काय, सगळ्या काठाची मिळून एक वही झाली तर? आणि ती सगळ्यांची असली तर? ठोंब्या म्हणाला, “खिळे वाढवावे लागतील. नियम तोच.”

सोमवारी आबा निघाले. केतकी म्हणाली, “आबा, पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहिते. तारीख सांगा.”

“तारीख मला कुठली, पोरी. पायर्‍या उघड्या पडल्या की येतो.”

“तारखेशिवाय नोंद करता येत नाही,” ठोंब्या म्हणाला.

“साइटवाल्यांच्या वहीत येत नसेल. ही आपली वही आहे.” केतकीनं तारखेच्या शेजारी एक नवा रकाना काढला आणि लिहिलं, ‘पाणीपातळी’. धरणाची पातळी रोज जाहीर व्हायची, ती त्याला जोडली. पाणी पायर्‍यांखाली गेलं की आबांना फोन. तोवर उन्हाळ्याचे शेवटचे वीस दिवस करवंदची किल्ली राखून ठेवायची.

“त्यातले पंधरा दिवस खोली रिकामी राहू शकते,” ठोंब्यानं बजावलं.

“राहू दे,” आत्या म्हणाली.

“कोणाच्या नावानं राखू?”

केतकी ‘भिकू’ लिहायला लागली, तर आबांनी तिचा हात धरला. “माझं नको. मी आज हाय, उद्या न्हाई. गावाचं लिही.”

आता त्या वीस दिवसांत कोणी कुठूनही करवंद मागितलं, तरी प्रत्येक खिडकीत एकच उत्तर उमटतं: ‘क्षमस्व. जुनं कुंभेरी गाव मुक्कामाला येणार आहे.’