गंधालयातील दोन कुप्या

सुज्ञ वाचकहो, ज्या काळी मेलेल्या माणसाच्या अंगाचा वास जपून ठेवता येऊ लागला, त्या काळातील एका विधवेची कहाणी मी आता नम्रपणे निवेदन करीत आहे. वाचताना कोणाच्या पोटात ढवळले, तर ते योग्यच समजावे.

पोलीस कोठडीत ज्यांची माणसे मारली गेली, त्या वस्त्यांनी मिळून गंधालय उभारले होते. तेथे मृतांच्या शेवटच्या कपड्यांतील वास काचेच्या कुप्यांत जतन होई. आप्तजन एकत्र बसून तो हुंगत, मोकळेपणी रडत आणि हलक्या मनाने घरी परतत.

गजराबाईने कोठडीत मारल्या गेलेल्या नवऱ्याचा, सिद्रामचा, सदरा इतकी वर्षे पाण्याला लावला नव्हता. तो तोंडाशी धरल्याखेरीज तिला झोप येत नसे. आता वास विरत चालला, म्हणून तिने तो गंधालयात दिला होता.

तेथील शास्त्रज्ञ डॉ. उबाळे यांनी तिला समजावले, "मावशी, प्रत्येकाच्या कातडीवरचे जंतू निराळे, म्हणून घामाचा वासही निराळा. सुपात पाखडून खडे बाजूला काढावेत, तसे हे गंधविलगक यंत्र वास वेगळे करते. तुमचा वगळून सदऱ्यावर दोन माणसांचे वास निघाले."

पहिली कुपी हुंगून गजराबाईने नाक मुरडले. "ह्यो कोण बाई? नवाच गडी दिसतोय! यंत्राला तुमच्या पडसं झालंय."

दुसरी कुपी नाकाशी धरताच तिचे डोळे भरले. "ह्योच! ह्योच माझा धनी!" तिने कुपीचा मुका घेतला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मावशी, सिद्रामभाऊ वाजवत त्या हलगीच्या पट्ट्यावरचा घाम पहिल्या कुपीशी जुळतो. त्यांना पोलिसांनी नेले, त्या दिवशी सदरा धुतलेला होता का?"

"मीच धुतला हुता. मग ह्यो दुसरा कोण?"

"त्याच कोठडीतून आलेल्या आणखी चार घरांच्या कपड्यांवर हाच वास आहे. तिथला कोणी पोलीस अंगावर बसून मारत असे. त्याचा घाम कापडात मुरला, म्हणून सदऱ्याला त्याचाच वास जास्त."

गजराबाईला भडभडून ओकारी आली. ती पदराने ओठ खसाखसा पुसू लागली. "नातीला ह्या सदऱ्यात गुंडाळून म्हणाले मी, आजाचा वास घे!"

"पाच घरांच्या पुराव्याने तो आता सापडेल, मावशी."

"सापडंल. पर माझ्या नाकातनं त्याला कोण काढणार?"

त्यानंतर ती रोज गंधालयात येऊन पहिली कुपी हुंगत बसे. सिद्राम परकाच वाटे. जिवाची ओढ मात्र दुसऱ्या कुपीकडे धावे. मग ती उठून बाहेर थुंकून येई, आणि पुन्हा पहिलीच कुपी नाकाशी धरी.

हे किळसवाणे सत्य आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
काशिनाथ भिकाजी ढवारे