राखाडी पडदा

त्या दुपारी नातीने मला माळ्यावरून जुन्या कॉम्प्युटरचा पडदा काढून द्यायला सांगितलं. काचेचा, मागे मोठं पोट असलेला, दोघांनी धरून उतरवावा असा. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तिने लोकांनी टाकलेले पडदे जमवले होते, कुठल्या दवाखान्यातले, कुठल्या दुकानातले. एकच चित्र वर्षानुवर्षं दाखवलं, की त्याचा डाग काचेवर राहून जातो म्हणे. पडदा नुसता राखाडी उजळायचा, खोलीत अंधार करायचा आणि कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून तो डाग टिपायचा, असं तिचं काम.

हा पडदा माझ्या लेकीचा, म्हणजे हिच्या आईचा. ती घरी बसून लोकांचं लिखाण टाइप करून द्यायची. ही पाळण्यात असतानाच ती गेली. घरात सगळ्यांचे फोटो तीच काढायची, म्हणून ती एकाही फोटोत नाही. लग्नातले होते, ते घरात पाणी शिरलं तेव्हा गेले. नातीला आईचा चेहरा आठवतच नाही. लहानपणी विचारायची, "आई कशी दिसायची?" मी म्हणायचो, "चांगली दिसायची." याच्यापुढे मला काही सांगताच यायचं नाही.

खिडक्यांना आम्ही चादरी लावल्या. पडदा तापला, तसा जुन्या धुळीचा वास सुटला. एक बारीक गुणगुण खोलीभर पसरली.

"आजोबा, हलू नका. टेबल डुगडुगतंय."

"श्वास घेऊ, की तोही नको?"

"घ्या. पण बेतानं."

पहिल्या फोटोत आडव्या ओळी आल्या, टाइप केलेल्या मजकुराच्या. "हे अपेक्षितच होतं," ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. तिला त्या ओळी नकोच होत्या, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्यांदा तिने कॅमेरा पुष्कळ वेळ उघडा ठेवला. मग कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो उजळला. ओळी फिक्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामागे कपाळ होतं. नाक होतं. जराशी पुढे झुकून, समोरचं वाचत असलेली एक बाई होती.

"असं होत नाही..." नात कुजबुजली. "पडदा स्वतः दाखवलेलं धरून ठेवतो, आजोबा. समोर कोण बसलं होतं, ते त्याला कसं कळणार..."

"तुझीच सावली पडली असेल."

"मी काळ्या कापडाच्या मागे होते."

तिने पुन्हा फोटो काढला. आता त्या बाईने मान वर केली होती. नजर थेट आमच्याकडे. एवढी शांत, एवढी भरलेली नजर मी देवळातही पाहिली नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो. नातीने पुढे होऊन काचेला हात लावला. बारीक तडतड झाली.

"उबदार आहे," ती म्हणाली. "अंगासारखी..."

मग तिने कॅमेरा खाली आणून माझ्यापुढे धरला.

"आजोबा, ही आई आहे का? कॉलेजसाठी नाही विचारत मी."

डावी भुवई किंचित वर. खालच्या ओठाखाली खळगा. बापाला ओळखायला किती वेळ लागतो?

"तीच आहे."

"अशीच दिसायची?"

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"हो बाळा. अशीच."

ती रडता रडता हसली. "म्हणजे माझं हे बसकं नाक तिचं. मी उगाच तुमच्या नाकाला नावं ठेवत होते."

फोटो आता तिच्या उशाशी असतो. शांत झोपते पोर. म्हणून मी बोललेलो नाही, आणि बोलणारही नाही. माझी लेक गेली तेव्हा पंचविशीही ओलांडली नव्हती. फोटोतल्या बाईच्या भांगाजवळ केस पिकले आहेत, डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत. आज असती, तर जेवढ्या वयाची दिसली असती, तेवढी.