देवडोहातली लाल पट्ट्याची कासवं

वळवाचा दणका बसायच्या आत देवडोहातली परदेशी कासवं बाहेर काढायची, एवढ्या एकाच कामासाठी तिघेजण बामणोलीहून लाँचने निघाले होते. डोह भरला की त्याचं पाणी ओढ्याला मिळतं आणि ओढ्याचं कोयनेला. कासवं एकदा तिकडे उतरली, की मग ती कुणाच्या बापाला सापडणार नव्हती!

तिघांत वडीलधारे सुभेदार आकाराम. वय सहासष्ट, गाव मेढ्याजवळ, पाठ अजून परेडला उभी असल्यासारखी. हा सगळा घोळ त्यांच्याच हातून झालेला. सहा वर्षांपूर्वी नातीने पुण्याहून हौसेने दोन कासवं आणली, बिस्किटाएवढी. वाढता वाढता ती ताटाएवढी झाली, टबात मावेनात. मग घरच्यांनी विचार केला आणि आकारामांनी हळदकुंकू वाहून ती देवडोहात सोडली. पुण्य लागेल म्हणून! देवडोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही, पाण्यात पायसुद्धा घालत नाही. त्या धाकानेच तिथली मासळी पिढ्यान्पिढ्या जगली होती. पण त्याच धाकाच्या सावलीत हे परके पाहुणेही निर्धास्त वाढले. दोनाची सात झाली आणि डोहातले बेडूक, शिंपले, मासळीची अंडी फस्त होऊ लागली.

दुसऱ्या चारुशीलाबाई, सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या. वनखात्याचा परवाना त्यांच्या नावाने होता. त्यातली अट त्यांनी लाँचमध्येच दोनदा वाचून दाखवली. देशी कासव जाळ्यात आलं तर त्याला इजा न करता तिथल्या तिथे सोडायचं. परदेशी कासव मात्र एकदा हाती लागलं की पुन्हा कुठल्याही पाण्यात सोडायचं नाही. त्याची रवानगी साताऱ्याला, बंद टाक्यात.

तिसरा वाटाड्या गुंडा. त्याची वाडी डोहाच्या खालच्या अंगाला होती. वाडीचे कारभारी लालासाहेब यांनी तिघे वाडीतून डोहाकडे निघतानाच बजावलं होतं, की देवाला दिलेलं परत घेणाऱ्याचं घर बसतं. गुंडा वाट दाखवायला तयार होता, पण कासवाला बोटही लावणार नव्हता.

"बसलं तर माझं बसंल," आकाराम म्हणाले होते. "सोडलं मी, काढणार बी मीच."

वाट कसली, कड्याला चिकटलेली पाऊलभर पट्टी होती ती! एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि वळणावर नेमका गवा उभा. काळाभोर, चुन्यात बुडवल्यासारखे पांढरे पाय, नाकातून फूत्कार! मागे सरायला जागा नव्हती. गुंडाने हाताने खूण केली. तिघे कातळाला पाठ लावून खाली बसले आणि बसूनच राहिले. माशा तोंडावर घोंगावत होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता. तासाभराने गव्यालाच कंटाळा आला असावा. तो झाडी मोडत वर निघून गेला. आकाराम गुडघे चोळत उठले आणि म्हणाले, की सीमेवरसुद्धा इतका शिस्तीचा पहारेकरी पाहिला नव्हता.

संध्याकाळी डोह दिसला. अंजनीच्या गर्द झाडीत, काचेसारखा निवांत. चारुशीलाबाईंनी पाण्यावर तरंगत्या फळ्या सोडल्या. ऊन खायला कासव फळीवर चढायचं, आणि चाहूल लागून घसरलं की थेट खालच्या जाळ्यात जायचं.

सकाळी पहिल्या जाळ्यात मऊ पाठीचं कासव आलं. देशी! बाईंनी ते अलगद काठावर ठेवलं. गुंडाने पायातली पायताणं काढली, हात जोडले. कासव शांतपणे पाण्यात उतरलं, तेव्हा गुंडाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"हे देवाचंच हाय," तो पुटपुटला.

"याला धरून ठेवलं असतं तर आपणच गुन्हेगार," बाई म्हणाल्या. "आणि परदेशी आलं नि त्याला सोडलं, तरी आपणच."

दोन दिवसांत डोळ्यामागे लाल पट्टा असलेली सहा कासवं पोत्यात गेली. सातवी, सगळ्यांत मोठी मादी, काही फळीवर येईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी महाबळेश्वराच्या अंगाने आभाळ भरून आलं. वारा सुटला. टपोरे थेंब पडले आणि बघता बघता धारा कोसळू लागल्या! कड्यावरून पाण्याचे लोट डोहात उतरले. डोह काठोकाठ भरला. सांडीच्या तोंडाशी, जिथून पाणी ओढ्यात पडतं, तिथे एक ताटाएवढी पाठ दिसली.

मादी निघाली होती!

आकारामांनी मागेपुढे पाहिलं नाही. ज्या पाण्यात कुणी पाय घालत नव्हतं, त्यात त्यांनी उडी घेतली. कंबरभर पाणी. पायाखाली शेवाळ. ते घसरले, उठले, पुन्हा झेपावले. दोन्ही हातांत पाठ आली! नखांनी मनगट सोलून निघालं, तरी पकड ढिली झाली नाही.

सात झाली. पण येताना कोरडा ओलांडलेला ओढा आता तांबडा होऊन गर्जत होता. थांबावं तर मागून दरड सुटायला लागली होती. गुंडा कसाबसा पलीकडे गेला, त्याने दोर जांभळाला बांधला. बाई दोर धरून पार झाल्या. शेवटी आकाराम, पाठीला पोतं बांधून.

मध्यावर ओंडका आदळला. पाय सुटले! पोत्याचा बंद तुटला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात पोत्याचं तोंड, आणि मधे पाण्यावर हेलपाटणारा म्हातारा.

"सुभेदार, पोतं सोडा!" बाई ओरडल्या. "मी लिहून देते, सोडलं नाही, वाहून गेलं म्हणून!"

"न्हाई," आकाराम म्हणाले. तोंडात पाणी जात होतं. "एकदा सोडलंय."

दोरावरची बोटं एकेक करून सुटू लागली. तेवढ्यात गुंडा पाण्यात शिरला. डावा हात दोरावर ठेवून त्याने उजव्या हाताने पोतं कवटाळलं. आतली कासवं त्याच्या छातीवर धडका देत होती. त्याने डोळे मिटले नाहीत, तोंडाने देवाचं नाव मात्र चालू होतं. मोकळ्या झालेल्या हाताने आकारामांनी दोर धरला. दोघे वीतवीत सरकत काठाला लागले आणि चिखलात पालथे पडले.

वाडीत पोचले तेव्हा पाऊस उघडला होता. लालासाहेब चावडीपुढे वाट पाहत होते. गुंडाच्या खांद्यावर पोतं पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"देवाची कासवं आणलीस व्हय रं?"

गुंडाने पोतं खाली ठेवलं नाही. "आवं अण्णा, देवाचं हुतं त्ये डोहातच सोडून आलो. पाया पडून. ही सुभेदारांची हायेत."

लालासाहेब आकारामांकडे वळले. फाटलेला सदरा, सोललेलं मनगट, चिखलाने माखलेल्या मिशा, असं सगळं न्याहाळून त्यांनी विचारलं, "आन् घर बसलं तर?"

"बसू द्या की," आकाराम म्हणाले. "डोह तर ऱ्हायला."

गुंडा पोतं सावरत लाँचकडे चालू लागला होता.