अकराजणींची ओ

तुम्हाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मी सांगते. माझा नवरा विघ्नेशही सुरुवातीला हसलाच होता.

दोन हजार चारचा ऑक्टोबर. वसईजवळ गोखिवऱ्याला एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. खाली पत्र्याचे डबे ठोकायचे, वर आम्ही आठजण कॉम्प्युटरवर परदेशी लोकांची जुनी पुस्तकं टाइप करायचो. टाइप झालेलं तपासायचं काम माझं. सकाळी बोळिंजहून डबा घेऊन निघायचं, दिवसभर डोळे फोडायचे, संध्याकाळी घर. भुताखेतांना त्यात जागा होती कुठे, सांगा!

त्या महिन्यात काम आलं ते इंग्लंडमधल्या कुठल्याशा डी व्हॅलमोर घराण्याच्या वंशावळीचं. आठशे वर्षांपूर्वीचे सरदार. कोण कोणाचा मुलगा, कोणाचं लग्न कुठल्या घरात झालं, कोण कुठल्या लढाईत पडला. प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा : नाव, बाप, आई, जन्म, मृत्यू. मुलग्यांची नावं कशी ठळक लिहिलेली. गॉडफ्री, रॉजर, परत गॉडफ्री. मुलगी मोठी होऊन एखाद्या बड्या घरी गेली असेल तर तिचंही नाव होतं. पण लहानपणी गेलेल्या मुलींपुढे नुसतं एवढंच : 'आणि एक मुलगी, बालपणीच वारली.' मेल्यांची शाई नेमकी तिथेच संपत होती!

आणि फॉर्म तर नावाशिवाय पुढे सरकेना. रकाना रिकामा ठेवला की टुंग वाजायचं आणि वर लाल पट्टी यायची. दोनशे वर्षांत अशा अकराजणी होत्या. मी मालकांना, युजीन सरांना विचारलं. ते म्हणाले, क्लायंटला मेल टाकतो. दोन दिवस गेले, तीन गेले, उत्तराचा पत्ता नाही. शनिवारी काम पाठवायचं आणि सगळं माझ्या अकरा फॉर्मांवर अडलेलं. ज्याला त्याला मीच सापडत होते, 'वसुंधरा मॅडम, झालं का?' म्हणून विचारायला. वैताग आला होता नुसता.

गुरुवारी दुपारी मी ठरवलं, आत्ता काहीतरी भरून टाकू, उत्तर आलं की बदलू. पण बदलायचं तर नंतर शोधता यायला हवं ना? मेरी, ॲलिस भरलं असतं तर ते खऱ्या मेरी-ॲलिसांत मिसळून गेलं असतं. त्या घराण्यात औषधालाही मिळणार नाही असं नाव हवं होतं. पटकन सुचलं ते माझ्या लेकीचं. सुरुची. सहा वर्षांची होती तेव्हा. अकराही ठिकाणी मी 'सुरुची' टाइप केलं, आणि फॉर्म निमूट पुढे सरकले.

शेजारच्या टेबलावर लिडिया बसायची. वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरातली, कधी कोणाच्या कामात नाक न खुपसणारी. तिने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"पोरीचं नाव घातलंस? काढ ते, वसुंधरा."

"अगं, तात्पुरतं आहे."

"नाव कधी तात्पुरतं असतं का? बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या असतील गं त्या. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी हाक मारली नाही, आणि तू..."

"मला शनिवार गाठायचाय, लिडिया. प्रवचन नको," मी खेकसले.

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती, त्यात नवल काही नाही. खालचे हातोडे थांबले, पंखे फिरत फिरत थांबले, फक्त कॉम्प्युटर तेवढे यूपीएसवर कुईकुई करत राहिले. त्या गाळ्यात कायम तापलेल्या पत्र्याचा वास असायचा. त्या मिनिटाला मात्र ओल्या दगडाचा वास आला, आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा. लिडियाने क्रुसाची खूण केली. मी चिडून फाइल सेव्ह केली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बोळिंजलाही अंधार. मी येईपर्यंत सुरुची शेजारच्या हंसाभाभींकडे असायची. मी कुलूप काढलं, चपला भिरकावल्या आणि काड्यापेटी शोधता शोधता सवयीने हाक मारली, "सुरुची!"

"ओ..."

आतल्या खोलीतून. बारीक, लहान पोरीचा आवाज. मी म्हटलंसुद्धा, "अगं, अंधारात काय बसलीस?" आणि मग लक्षात आलं की कुलूप मी आत्ता काढलं होतं. काडी हातातच राहिली. मागे वळले तर दारात हंसाभाभी उभ्या होत्या, आणि त्यांचं बोट धरून माझी सुरुची.

विघ्नेशला सांगितलं तर तो म्हणाला, "डोळे फोडून फोडून आता कान पण गेले तुझे."

शुक्रवारी उत्तर आलं एकदाचं. जिथे नाव नसेल तिथे 'अनाम' या अर्थाचा इंग्रजी शब्द टाका. एवढंच! यासाठी चार दिवस! मी कॉम्प्युटरला 'सुरुची' शोधायला लावलं, एका फटक्यात बदललं. अकरा ठिकाणी बदल झाला, असं त्याने सांगितलं. सरांनी संध्याकाळच्या आत फाइल पाठवूनही दिली. मला वाटलं, सुटले.

घरी आले. विघ्नेश लवकर आला होता, सुरुची बाहेर चित्र काढत होती. मी ओट्यापाशी उभी राहून हाक मारली. "सुरुची, दूध घे गं."

"ओ..." आतल्या खोलीतून आलं. मग मोरीतून. मग कपाटामागून, पलंगाखालून, माझ्या पायांपाशी... "ओ... ओ... ओ..." एकीला तर धड बोलताही येत नव्हतं, नुसता हुंकार. विघ्नेश उठून उभा राहिला होता. त्यानेही ऐकलं. सुरुची धावत येऊन माझ्या पोटाला घट्ट चिकटली.

"आई, माझं नाव नको घेऊ ना. त्या रागावल्यात. म्हणतात... दिलं आणि परत घेतलं."

रात्रभर आम्ही तिला 'बाळा', 'पिल्लू' म्हणत राहिलो. स्वतःच्या पोरीचं नाव स्वतःच्या घरात घ्यायची चोरी! मला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त स्वतःची चीड येत होती.

शनिवारी मी युजीन सरांपुढे जाऊन उभी राहिले. "सर, ती फाइल परत मागवा. मला त्या अकरा मुलींना नावं द्यायचीत."

"कसली नावं? क्लायंट खूश आहे. तुमचा प्रॉब्लेम काय आहे, मॅडम?"

"त्यांना नावं नाहीत, हाच प्रॉब्लेम आहे."

"पण त्या मेल्यात, मॅडम!"

"अहो, मी तरी दुसरं काय सांगतेय!" मी ओरडलेच. सगळ्यांचं टायपिंग थांबलं. सर माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसे बघत राहिले, आणि मला रागाने रडू फुटलं. लिडियाने मला हाताला धरून बाहेर नेलं, घरी घडलेलं सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "उद्या चर्चनंतर माझ्या घरी ये. एकटीच ये."

रविवारी तिने घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यासमोर, मेणबत्ती लावली आणि कागदावर तिच्या घरातल्या जुन्या बायकांची अकरा नावं लिहिली. मग एकेक हाक मारायला लागली, जेवायला बोलवावं तशी, मायेने. "मार्गारेट..." ओसरीतून आलं, "ओ." आणि मग शांत. "एलिसा..." "ओ." "सालोमी..." तोच दगडाचा ओला वास यायचा आणि ओ दिली की विरून जायचा. दहा नावं झाली. दहा ओ झाल्या.

अकराव्या नावाला कोणी उत्तर दिलं नाही. लिडियाने दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. आजीचं घेतलं, स्वतःच्या आईचं घेतलं. वास होता, पण ओ येईना.

"ही ऐकतच नाही गं," ती पुटपुटली. "काय हवंय हिला...?"

सोमवारी संध्याकाळी लाइट होती. सुरुची बाहेर पाटावर बसून गूळपोळी खात होती, विघ्नेश तिच्यासमोर पेपर धरून. मी स्वयंपाकघरात किती वेळ नुसती उभी राहिले, देव जाणे. शेवटी मन घट्ट केलं. कधी ना कधी हाक मारायलाच हवी होती.

"सुरुची!"

"ओ!"

एकच. स्पष्ट, गोड, आनंदाने दिलेली. एकच ओ! माझे डोळे भरून आले. मी हसत हसतच बाहेर आले.

विघ्नेशच्या हातातला पेपर खाली पडला होता. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. सुरुचीचे दोन्ही गाल पोळीने फुगलेले. तिने सावकाश घास गिळला, आधी दाराकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"आई, सुरुची कोण?"