बोटभर मोकळीक

निघताय? निघा, कोण अडवतंय. फक्त मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकचं पेडल एकदा दाबून बघा. बोटभर सैल लागलं पाहिजे.

"काका, ब्रेक घट्ट असला तर चांगलंच की!"

आमचा मावसभाऊ अगदी हेच म्हणायचा. चष्म्याच्या काचा घासायचं काम त्याचं. सगळे त्याला 'पान्हा' म्हणत, कारण सैल काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. दाराची कडी, पंख्याचे स्क्रू, सासऱ्यांची कवळीसुद्धा सोडली नसती त्यानं. मेकॅनिकनं बजावलं होतं, "साहेब, ती मोकळीक मुद्दाम ठेवलीय. काढलीत तर ब्रेक सारखा घासत राहील, तापेल आणि एक दिवस चाकच धरून बसेल." पान्ह्यानं मान डोलावली, घरी आला आणि मागच्या ब्रेकचा नट आवळला.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेदोन. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला दमा होता आणि पंप नेमका संपलेला. तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली तसा हा चपला सरकवून निघाला. बायको म्हणाली, "अहो, लवकर या. पण हळू चालवा." काय बोलतोय हे अशा वेळी कुणाला कळतं?

रात्रभर उघडं असणारं औषधांचं दुकान रुळांपलीकडे होतं. पंप मिळाला, खिशात गेला. परतताना घाई इतकी, की उजवा पाय पेडलवरच टेकून राहिला. आधीच नट आवळलेला, त्यावर पायाचा भार... रुळांखालच्या अरुंद बोगद्यात शिरला आणि जळका वास आला. वास कसला ते कळेपर्यंत मागचं चाक जागच्या जागी थिजलं. गाडी घसरत जाऊन डावीकडच्या भिंतीवर कलली आणि डावा पाय मधे अडकला.

दिवा विझला.

चाक फिरलं असतं तर गाडी पुढे ढकलून पाय सुटला असता. चाक फिरत नव्हतं. नट मागे, चाकापाशी. हात पोचत नव्हता. फोन काढला, तर बोगद्यात रेंज नाही. खिशात पंप. घरी पोर. आणि हा इथे, स्वतःच आवळलेल्या नटाच्या तावडीत.

ओरडला. बोगद्यानं तेच परत केलं.

मग त्याला श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा. आपलाच असेल म्हणून त्यानं श्वास रोखला.

शिट्टी चालूच होती.

मागून. बारीक. ओढलेली...

"कोण आहे?"

...

शिट्टी जवळ आली. मागच्या चाकापाशी खाली बसली. त्याला वळून बघता येईना. खरं तर वळता आलं असतं, थोडंसं. वळला नाही.

किर्र...

थांबलं.

पुन्हा किर्र... लोखंडावर लोखंड फिरावं तसं.

कातडी भाजल्याचा वास आला. शिट्टी बंद झाली.

आणि चाक फिरलं.

तापलेला ब्रेक गार झाला की आपोआप सुटतो, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. अजूनही रात्री स्वतःला तेच समजावतो. कधी पटतं, कधी नाही.

घरी पोचला तेव्हा पोर उशीला टेकून बसली होती. धाप होती, पण डोळे उघडे. त्यानं पंप तिच्या तोंडाशी धरला. बायको सांगू लागली.

"मधेच निपचित पडली हो. हलवलं, हाका मारल्या... श्वासच नाही. मला वाटलं, गेली. मग एकदम किंचाळून उठली. 'आई, भाजलं' म्हणाली."

"भाजलं? अंथरुणात?"

"मला मूठ उघडू देत नाहीये. तुम्ही बघा."

त्यानं हात पुढे केला. पोरीनं त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मूठ उघडली.

तळहातावर ताजा फोड होता. सहा कोनांचा.